जपानी छोट्या रेलगाड्यांची आयात : आगाऊ मागणी, मोजका माल आणि खरे बिल

रेलगाडीची खेळणी हा काय व्यापाराच्या पानावर लिहिण्याचा विषय आहे, असे काही वाचक बंधूंना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला स्थायिक आहे. त्याच्या घरी गेलो असता एका कपाटात पुस्तकांसारखे उभे लावलेले प्लास्टिकचे खोके दिसले. पुस्तकच असावे म्हणून एक काढले, तर आत फोममध्ये कापलेल्या खाचांत आठ छोटे रेल्वेचे डबे ओळीने झोपवलेले. एकेक डबा वीतभरसुद्धा नाही, पण खिडक्या, पायऱ्या, छतावरची यंत्रे, दारावरचे बारीक अक्षर, सारे जिथल्या तिथे. "चाचा, जरा खालून धरा, छताचे भाग नाजूक असतात," असे तो म्हणाला आणि मी खोके तसेच त्याच्या हाती दिले.

मी कापडाच्या तिजारतीत तीस वर्षांपेक्षा जास्त काळ आहे. वस्तू पाहिली की भाव विचारायचा, ही सवय सुटत नाही. त्याने सांगितलेला भाव खोक्याच्या लेबलावर छापलेला होता. तो माल बर्मिंगहॅमच्या घरात येईपर्यंत किती रुपयांना, म्हणजे किती पौंडांना पडला, हे मात्र त्याला सांगता येईना. दहा वर्षे तो हा शौक करीत होता, पण पडत्याचा हिशेब त्याने कधी काढला नव्हता. मग तीन रात्री बसून आम्ही चाचा-पुतण्यांनी जुनी बिले, टपालाच्या पावत्या आणि बँकेचे कागद मांडले. त्यातून जे समजले ते येथे देत आहे. जपानी रेलगाड्या आपल्यापैकी फार थोडे लोक घेतील, परंतु हा माल कसा बनतो, कसा विकला जातो आणि परदेशातील गिऱ्हाईक कोठे फसते, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

नऊ मिलिमीटरचा रूळ

छोट्या रेलगाड्यांची मापे जगात अनेक आहेत. जपानमध्ये सर्वाधिक चालते ते 'एन' माप. यात दोन रुळांमधील अंतर ९ मिलिमीटर असते. इंग्रजी आणि जर्मन भाषेतील 'नऊ' या शब्दाच्या आद्याक्षरावरून एन हे नाव पडले. १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील न्युरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने हे माप पुढे आणले. जपानमध्ये 'काटो' या नावाने माल विकणाऱ्या कंपनीने (तिचे मूळ नाव सेकिसुई किन्झोकू, स्थापना १९५७) १९६५ मध्ये सी-५० हे वाफेचे इंजिन या मापात काढले आणि तेथून हे माप त्या देशात रुजले. १९७६ मध्ये टोमी ही खेळण्यांची मोठी कंपनी 'टोमिक्स' या नावाने या बाजारात उतरली. आजही काटो आणि टोमिक्स हेच दोन मोठे उत्पादक होत. त्यांच्याशिवाय मायक्रोएस, ग्रीनमॅक्स यांसारखे इतर उत्पादक आहेत.

मापाच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडली. जपानच्या जुन्या लोहमार्गाची रुंदी १०६७ मिलिमीटर आहे. साध्या गाड्यांच्या प्रतिकृती दीडशेपट लहान करतात. त्या हिशेबाने रूळ ७.१ मिलिमीटरचा हवा; पण रूळ तर सर्वत्र ९ चाच मिळतो. म्हणजे गाडीच्या मानाने रूळ थोडा रुंद पडतो. शिंकान्सेन या वेगवान गाडीचा मार्ग मात्र १४३५ मिलिमीटरचा असल्यामुळे तिची प्रतिकृती एकशे साठपट लहान करतात आणि भागाकार जवळजवळ बरोबर नऊ येतो. इंग्लंडच्या एन मापाचा हिशेब आणखी निराळा, एकास एकशे अठ्ठेचाळीस. ही तडजोड लपवलेली नाही. माल घेणारा प्रत्येक शौकीन ती जाणतो, म्हणून कोणी भांडत नाही. आपल्याकडे ४४ पन्ना लिहून ४३ भरणारा ठाण निघाला तर काय होते, ते वाचकांना सांगायला नको.

सोळा डब्यांची शिंकान्सेन प्रत्यक्षात चारशे मीटरहून थोडी लांब असते. एन मापात ती अडीच मीटर होते. हे लक्षात घेतले म्हणजे इतके लहान माप जपानमध्ये का चालले, हे कळते. पूर्ण गाडी घरात मावेल असे हेच माप.

माल एकदाच निघतो

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपण दुकानात जातो, वस्तू पाहतो, पटली तर घेतो, नाही तर पुढच्या महिन्यात येतो. जपानी रेलगाड्यांच्या बाजारात ही रीत चालत नाही. उत्पादक काही महिने आधी जाहीर करतो की अमुक गाडी, अमुक सालच्या रंगात, अमुक महिन्यात येणार. दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांकडून मागणी गोळा करतात आणि ठरलेल्या तारखेपर्यंत उत्पादकाकडे किंवा घाऊक व्यापाऱ्याकडे कळवतात. त्या अंदाजावर माल निघतो, दुकानांत जातो आणि संपतो. ज्याने आधी सांगितले नाही त्याच्या नशिबी उरलासुरला माल.

काही वर्षांनी तीच गाडी पुन्हा काढली जाते. पण कधी, याचा भरवसा नसतो, आणि पुन्हा काढताना क्रमांक, दिवे किंवा एखादा तपशील बदललेला असू शकतो. काही गाड्या तर एकदाच निघाल्या, पुन्हा निघाल्याच नाहीत.

त्यात आणखी एक गोम आहे. लांब गाडी एका खोक्यात येत नाही. एक मूळ संच असतो, त्यात इंजिन किंवा मोटार असलेला डबा आणि दोन्ही टोकांचे डबे. उरलेले मधले डबे जोडसंचात. पुतण्याने सुरुवातीला पैसे वाचवण्यासाठी एका गाडीचा मूळ संच तेवढा घेतला आणि जोडसंच पगार झाल्यावर घेऊ म्हणून सोडला. पगार झाला, जोडसंच संपला. पुढे तोच जोडसंच जुन्या बाजारात त्याने छापील किमतीच्या जवळजवळ दुपटीने घेतला. सलवारचे कापड आज घ्यावे आणि त्याच डाय लॉटचा दुपट्टा दोन महिन्यांनी मागावा, तसाच हा प्रकार.

उत्पादक असे का करतात? त्यांना माल विकायचा नाही काय? मी या प्रश्नावर बराच विचार केला. या मालात साच्याला पैसा फार लागतो. साचा एकदा झाला की तो जपून ठेवतात आणि त्याच साच्यातून वेगवेगळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या काळातील गाड्या काढतात. परंतु रंगकाम, बारीक छपाई आणि जोडणी प्रत्येक खेपेला नव्याने करावी लागते आणि त्यातच मेहनत आहे. एका गाडीचे शौकीन मोजके. न विकलेला माल गोदामात पडला तर सगळा नफा तोच खातो. म्हणून मागणी आधी, माल नंतर. आपल्या पॉवरलूमच्या गावांत उलटे चालते. आधी ग्रे कापड काढायचे, मग गिऱ्हाईक शोधायचे, मग नव्वद दिवसांच्या उधारीवर द्यायचे, आणि मग वसुलीसाठी फिरायचे. गोदामात पडलेल्या तागांवर किती घरे बुडाली, ते मी स्वतः पाहिले आहे.

अर्थात या पद्धतीत सगळेच चांगले आहे असे मी म्हणणार नाही. उत्पादकाने आपल्या डोक्यावरचा धोका उतरवून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवला आहे. वस्तू डोळ्यांनी न पाहता, केवळ चित्र आणि नमुन्याचा फोटो पाहून सौदा करावा लागतो. आणि माल मोजका म्हटला की साठेबाज आलेच. ते गरज नसताना चार-चार संच नोंदवतात आणि बाजार रिकामा झाला की चढ्या भावाने काढतात. एखादी गाडी निवृत्त होणार अशी बातमी आली की जुन्या खोक्यांचे भाव हलू लागतात. शिंकान्सेनचा मार्ग तपासणारी पिवळी गाडी, जिला लोक 'डॉक्टर येलो' म्हणतात, तिच्या दोन गाड्यांपैकी मध्य जपान रेल्वेची गाडी जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. अशा गाडीवर लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांचा डोळा असतो.

एक गोष्ट मात्र आपल्या कारागिरांनी घेण्यासारखी आहे. काटोसारखे उत्पादक गाडीबरोबर तिचे सुटे भागही विकायला काढतात. चाकांची जोडी, डब्याचे वरचे कवच, दिव्याची पट्टी, छताचे भाग, प्रत्येकाला क्रमांक. डबा पडून मोडला तर नवा संच घ्यावा लागत नाही. काही शौकीन तर सुटे भाग जमवून अख्खा डबा उभा करतात. हे सुटे भागही मोजकेच असतात आणि तेही संपतात, पण विकून मोकळे होण्याची वृत्ती त्यात नाही.

पितळेचे कारागीर

प्लास्टिकच्या आधीचा इतिहास आपल्या मुरादाबाद किंवा भिवंडीच्या माणसाला फार जवळचा वाटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पितळेच्या रेलगाड्या हाताने बनत आणि त्या मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला जात. पत्रा कापणे, वाकवणे, डाग देणे, बारीक नळ्या बसवणे, ही कामे लहान लहान कारखान्यांतून होत. टोकियोच्या गिन्झा भागातील तेनशोदो हे दुकान यात प्रसिद्ध होते. अमेरिकेतील पॅसिफिक फास्ट मेल यांसारखे आयातदार आपल्या देशातील इंजिनांचे आराखडे पाठवत आणि जपानी कारागीर न पाहिलेले इंजिन हुबेहूब घडवत. या गाड्या आजही संग्राहक मोठ्या किमतीने घेतात.

हा धंदा का हलला? कारागिरी कमी झाली म्हणून नव्हे. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन असा बांधलेला दर होता. १९७१ च्या अखेरीस तो ३०८ झाला आणि १९७३ मध्ये येन मोकळा सोडला गेला. येन चढला, मजुरी चढली, आणि अमेरिकन आयातदारांनी १९७० च्या दशकात हे काम कोरियाकडे वळवायला सुरुवात केली. पुढे पितळेच्या कामात कोरियाचाच बोलबाला झाला. ज्याने केवळ दुसऱ्याच्या आराखड्यावर, दुसऱ्याच्या नावाने माल दिला त्याच्या हाती शेवटी काय राहिले, हा प्रश्न मला पडतो.

याउलट काटोचे पाहा. त्यांनीही अमेरिकेतील ॲटलस आणि कॉनकोर या कंपन्यांसाठी गाड्या बनवून दिल्या, त्या खोक्यांवर त्या कंपन्यांची नावे असत. परंतु त्याचबरोबर आपल्या देशात आपल्या नावाने माल विकणे चालू ठेवले, आणि १९८६ मध्ये अमेरिकेत स्वतःची शाखा काढली. जॉबवर्क करीत असतानाच त्यांनी आपले नाव उभे केले. आपल्याकडे दोन-दोन पिढ्या मोठ्या ब्रँडचे शर्ट शिवणारे कारागीर आहेत, त्यांच्या दुकानावर अजून साधी पाटी नाही.

छापील किंमत आणि पडता

परदेशातील गिऱ्हाइकाकडे माल पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, जपानमधील जी दुकाने थेट परदेशात माल पाठवतात त्यांच्याकडून. जपानमध्ये मालावर विक्रीकर (त्यांचा उपभोग कर) ऑक्टोबर २०१९ पासून १० टक्के आहे. दुकानाने माल स्वतः निर्यात केला तर हा कर लागत नाही, शिवाय छापील किमतीवर सूटही मिळते. त्यामुळे पहिल्या नजरेला माल फार स्वस्त वाटतो. पुतण्याचा गैरसमज येथूनच सुरू झाला.

समजा, एका गाडीचा मूळ संच आणि दोन जोडसंच मिळून सवलतीचा भाव ३६,००० येन झाला. एक पौंडाला २०० येन धरले तर १८० पौंड. टपालखर्च ६,००० येन, म्हणजे ३० पौंड. इंग्लंडमध्ये १३५ पौंडांपेक्षा जास्त किमतीच्या पार्सलवर माल देशात येताना व्हॅट आकारतात. तो केवळ मालाच्या किमतीवर नाही, तर टपालखर्च धरून. २१० पौंडांवर २० टक्के म्हणजे ४२ पौंड. वर हा कर गोळा केल्याबद्दल टपाल किंवा कुरिअर कंपनीची हाताळणी फी, समजा ८ पौंड. एकूण २६० पौंड. १८० चा माल २६० ला पडला, म्हणजे दर शंभरामागे ४४ जास्त. यात बँकेने येनच्या दरात कापलेला हिस्सा धरलेलाच नाही.

आमच्या तीन रात्रींच्या हिशेबात पुतण्याचा पडता सरासरी याच्याच आसपास निघाला. तो बराच वेळ गप्प बसला.

१३५ पौंडांच्या आतील मालाचा नियम वेगळा आहे. १ जानेवारी २०२१ पूर्वी १५ पौंडांपर्यंतच्या मालाला व्हॅटची माफी होती, ती त्या दिवशी संपली. आता १३५ पौंडांपर्यंत विकणाऱ्यानेच विक्रीच्या वेळी व्हॅट घ्यायचा असतो. जपानमधील अनेक लहान दुकानदारांना दुसऱ्या देशाच्या कराची ही कटकट नको असते. युरोपीय संघानेही १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची माफी बंद केली. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्काविना येत असे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांच्या मालासाठी बंद झाली. तात्पर्य, पाच-सात वर्षांपूर्वीच्या ऐकीव माहितीवर आज मागणी नोंदवू नये.

टपालाचेही तसेच. जपानच्या टपाल खात्याची एक स्वस्त सेवा होती, जिचा माल विमानात जागा असेल तसा जात असे. शौकिनांची ती आवडती सेवा. २०२० मध्ये कोविडच्या काळात विमाने थांबली तेव्हा ती थांबवण्यात आली. मग उरली महाग जलद सेवा किंवा समुद्रमार्गाने दोन-तीन महिन्यांची वाट.

येनच्या दराबद्दल एक शब्द. ऑक्टोबर २०११ मध्ये एका डॉलरला ७५ येनच्या आसपास मिळत होते. जुलै २०२४ मध्ये १६१ च्या वर. त्याच येनला पहिल्या माणसाने दुप्पट डॉलर मोजले. मागणी आज नोंदवायची आणि पैसे सहा महिन्यांनी माल निघाल्यावर द्यायचे, तर मधल्या काळात दर कोठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. पुतण्याने एका वर्षात अकरा मागण्या नोंदवून ठेवल्या होत्या. पैसे आगाऊ द्यावे लागत नाहीत म्हणून त्या त्याला कर्ज वाटत नव्हत्या. एका महिन्यात चार गाड्या एकदम निघाल्या तेव्हा घरात काय बोलणे झाले, ते त्याच्या बायकोनेच मला सांगितले. मागणी रद्द करू दिली तरी असे वारंवार करणाऱ्याचे नाव दुकानाच्या वहीत खराब होते. नोंदवले म्हणजे जबान दिली, असेच समजले पाहिजे.

जुना माल आणि अडत्या

दुसरा मार्ग जुन्या मालाचा. जपानमध्ये वापरलेल्या रेलगाड्यांची स्वतंत्र दुकाने आहेत. टोकियोच्या अकिहाबारा भागात ती पुष्कळ आहेत. लिलावही चालतात. परंतु अनेक विक्रेते परदेशात माल पाठवत नाहीत. त्यातच जपानच्या याहू कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये इंग्लंड आणि युरोपातील लोकांसाठी आपली दारे बंद केली. त्यामुळे मध्ये अडत्या आला. हे अडते म्हणजे मोठ्या कंपन्याच आहेत. ते आपल्या वतीने बोली लावतात, माल आपल्या गोदामात घेतात, आठ-दहा खरेद्या एका पेटीत बांधतात आणि पाठवतात. त्यांची अडत, जपानमधल्या जपानमध्ये लागणारा टपालखर्च, एकत्र बांधणीची मजुरी, ठरावीक दिवसांनंतर गोदामभाडे, असे चार-पाच आकार लागतात. २०,००० येनला सुटलेली गाडी जपान सोडण्यापूर्वीच २२,००० ची होते.

जुन्या मालात भाषेची मोठी पारख लागते. 'जंक' असे लिहिले असेल तर तो माल चालेल याची कसलीच हमी नाही, असा त्याचा अर्थ. भंगार म्हणून विकले, तक्रार ऐकणार नाही. पुष्कळ लिलावांत तक्रार नाही, परत नाही, अशी अट सुरुवातीलाच असते. फोटो नीट पाहावेत. छतावरचे बारीक भाग, डबे जोडणाऱ्या कड्या, खोक्यातील कागदपत्रे, न लावलेली क्रमांकांची छपाई, हे सगळे आहे का ते मोजावे. जुन्या खोक्यातील फोम कालांतराने विरघळून चिकट होतो आणि रंगाला लागतो. इंजिनाच्या चाकावरची रबरी कडी कडक होते. हे दोष फोटोत दिसत नाहीत. उलट चांगली गोष्ट अशी की जपानी विक्रेते मालाचा लहानसा ओरखडाही लिहून देतात, असा पुतण्याचा अनुभव आहे. तीस खरेद्यांत दोनदाच तो नाराज झाला.

कागदावरची किंमत

आता जे सांगायचे ते थोडे कडू आहे. व्हॅट वाचवण्याचा एक जुना उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. विकणाऱ्याला सांगायचे, पार्सलवर 'भेटवस्तू' लिही आणि किंमत कमी टाक. खऱ्या भेटवस्तूला इंग्लंडमध्ये ३९ पौंडांपर्यंत व्हॅट नाही. परंतु ही सवलत एका माणसाने दुसऱ्याला पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूसाठी आहे, विकलेल्या मालासाठी नाही. चांगली दुकाने असे लिहून देण्यास साफ नकार देतात. पण सर्वच नाहीत.

पुतण्याने एकदा एका खाजगी विक्रेत्याकडून नऊ डब्यांची जुनी गाडी ३८,००० येनला घेतली. त्याच्या विनंतीवरून विक्रेत्याने पार्सलवर 'भेट, ३,००० येन' असे लिहिले. पार्सल आले ते एका बाजूने चेपलेले. नऊपैकी पाच डब्यांची छते फुटली होती आणि इंजिनाच्या एका टोकाचा भाग तुटला होता. त्याने नुकसानभरपाई मागायचे ठरवले. तेव्हा कळले की टपालाची भरपाई कागदावर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त मिळत नाही. अर्जासोबत विक्रीचे खरे बिल जोडावे, तर आपणच खोटे लिहवून घेतले हे उघड होते. न जोडावे, तर ३,००० येनवर समाधान मानावे लागते. शिवाय असे दावे बहुधा पाठवणाऱ्याच्या बाजूने सुरू होतात. विक्रेत्याने तेवढी तसदी घेतली, एवढाच त्याचा भलेपणा.

"चाचा, माझाच कागद माझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला," असे तो मला म्हणाला.

मी त्याला काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार मला कितपत आहे, हाही प्रश्न होता. आपल्या बाजारात एक पक्के बिल आणि एक कच्चे बिल ही रीत कोणी माझ्यापासून लपवलेली नाही. तरुणपणी कमी किमतीच्या बिलावर पाठवलेल्या माझ्या मालाच्या गाठी एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात पावसात भिजल्या. भरपाई बिलाप्रमाणे मिळाली, मालाप्रमाणे नाही. ती गोष्ट मी त्या रात्री पहिल्यांदा त्याला सांगितली. वाचवलेला कर आणि बुडालेला माल यांचा ताळेबंद आम्ही दोघांनी एकाच कागदावर, दोन रकान्यांत मांडला. दोघांच्याही रकान्यात शेवटी वजाच होती.

तेव्हापासून तो पूर्ण किंमत लिहायला लावतो, मोठ्या पार्सलचा विमा उतरवतो आणि त्यामुळे वर्षाला दोन-तीन गाड्या कमी घेतो. वहीत आता त्याचे पाच रकाने असतात : मालाची किंमत, टपाल, कर, फी, आणि पाचवा त्या दिवसाचा येनचा दर. नोंदवलेल्या पण न आलेल्या मागण्यांचे पान वेगळे आहे. मी निघालो तेव्हा त्या पानावर तीनच ओळी होत्या.

घेणाऱ्यांसाठी थोडी उपयुक्त माहिती

या गाड्या १२ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतात, त्यामुळे गाडी कोणत्याही देशात चालते. परंतु जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते. तेथील नियंत्रक आणि त्याचा अडॅप्टर आपल्या किंवा इंग्लंडच्या २३० व्होल्टच्या खोबणीत घातला तर जळून जाईल. रूळ आणि गाड्या जपानहून घ्याव्यात, नियंत्रक आपल्या देशात घ्यावा. काटो आणि टोमिक्स यांचे रूळ एकमेकांना थेट जोडले जात नाहीत, म्हणून सुरुवातीलाच एक पद्धत ठरवावी. दुरुस्तीची सोय साधारणतः जपानपुरतीच असते.

जपानला जाणाऱ्या प्रवाशाला दुकानातच करमाफीने माल घेता येत असे. १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरून निघताना परत घेण्याची पद्धत तेथील सरकारने ठरवली आहे. तेव्हा कोणाकरवी माल मागवायचा असेल तर करासह पूर्ण रक्कम त्याच्याजवळ द्यावी.

भारतात मागवू इच्छिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की खेळणी आणि प्रतिकृती सीमाशुल्काच्या एकाच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्तीही आहे. मागवण्यापूर्वी एखाद्या जाणत्या क्लिअरिंग एजंटला खोक्याचा फोटो दाखवून लेखी विचारून घ्यावे. परदेशातून नातेवाइकाने आणलेली गाडी विमानतळावर दाखवायची वेळ आली, तर तिचे खरे बिल खोक्यातच ठेवलेले असावे.